नीळकंठ एकटा ताकेहाराला जातो

नीळकंठ सबनीस हा बोलका माणूस. हॉलंडमधल्या हार्लेम शहरातल्या आणि आसपासच्या सगळ्या मराठी घरांत त्याची तीच ओळख होती. गणपतीच्या कार्यक्रमात निवेदन त्याच्याकडेच असायचं. एकदा तबलेवाल्याची ट्रेन चुकली, तर तो येईपर्यंत नीळकंठने सभागृह असं काही हसवत ठेवलं की तबलेवाला पोचल्यावर लोक हिरमुसले. झुइडास नावाच्या ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेत तो आयटीचे प्रकल्प सांभाळायचा. म्हणजे तिथेही कामच बोलण्याचं. सकाळी बंगलोरशी, दुपारी डच साहेबांशी आणि संध्याकाळी घरी परतताना गाडीत शेजारी बसेल त्याच्याशी. साताऱ्याहून पुणे आणि पुण्याहून हॉलंड, हा सगळा प्रवास याने जिभेच्या जोरावर केला, असं त्याची बायको प्रमोदिनी म्हणायची. त्यात तक्रार थोडी असायची आणि कौतुक जास्त.

ती जीभ गेली भर मीटिंगमध्ये. मार्च महिना होता. नीळकंठ नेहमीसारखा उठून बोलायला लागला आणि तोंडातून भलतंच काहीतरी येऊ लागलं. आवाज त्याचाच, चढउतार त्याचेच, हातवारेही ठरलेले. पण शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते. टेबलाभोवतीची डच मंडळी हसली. त्यांना वाटलं, साहेब आज गंमत म्हणून स्वतःच्या भाषेत बोलताहेत. कोपऱ्यात कुणाल नावाचा पुण्याचा एक तरुण बसला होता. तो ताडकन उठला.

"हे मराठी नाहीये," तो इंग्रजीत ओरडला. "अॅम्ब्युलन्स बोलवा. आत्ता."

मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली होती. वेळेत आणलंत म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले. नीळकंठ वाचला, उजवा पाय जरा जड झाला, आणि शब्द गेले. याला वाचाघात म्हणतात, हे सबनीसांच्या घरात तेव्हा पहिल्यांदा कळलं. डोकं शाबूत होतं. समोरचा काय म्हणतो ते समजायचं, आपल्याला काय म्हणायचंय तेही पक्कं ठाऊक असायचं. पण पाणी हवं असताना तोंडातून 'चप्पल' निघायचं, आणि निघाल्यावर ते चुकलं हेही कळायचं. लिहायला बसलं तर अक्षरंही तशीच उलटीपालटी. इंग्रजी आणि डच जवळजवळ पुसून गेली. मराठी मात्र तुकड्यातुकड्यांनी परत येत राहिली.

गंमत म्हणजे पाढे घडाघड यायचे. सतराचा पाढा तो एका दमात म्हणायचा, पण 'सतरा' एवढा एकच आकडा सांग म्हटलं की गाडी अडायची. त्याला वाचा शिकवायला येणारी मारैके नावाची डच बाई हुशार होती. तिने त्यातूनच वाट काढली. आकडा हवा असेल तर एकपासून चढत जायचं आणि हव्या त्या पायरीवर थांबायचं. नीळकंठ महिनोन्महिने चढत राहिला.

प्रमोदिनीने ऑफिसातले तास कमी करून घेतले आणि ती त्याची जीभ झाली. डॉक्टरकडे ती बोलायची, न्हाव्याकडे ती सांगायची, भारतातून फोन आला की स्पीकर लावून त्याच्या वतीने हसायचीसुद्धा. नीळकंठने वाक्य सुरू केलं की दुसऱ्याच शब्दाला ती ते पूर्ण करून टाकायची. बहुतेक वेळा बरोबरही असायचं. त्यामुळे तक्रार कशाची करायची हेच त्याला सांगता यायचं नाही. शिवाय तक्रार करायची तरी शब्द लागणारच होते.

असं दीड वर्ष गेलं. नोव्हेंबरात दोघं जपानला गेली, कारण त्यांची मुलगी शिवांगी कॉलेजच्या एका सत्रासाठी हिरोशिमाला होती. पहिल्याच संध्याकाळी तिघं जेवायला गेली. नीळकंठने मेनूतल्या एका चित्रावर बोट ठेवलं. वेटरने मान डोलावली. तेवढ्यात प्रमोदिनीने मेनू आपल्याकडे ओढला. "अरे, ते तिखट असेल तुला," ती म्हणाली आणि वेटरला तिने साध्या नूडल्स आणायला सांगितल्या.

नीळकंठने त्या नूडल्स खाल्ल्या. मुकाट्याने खाल्ल्या, असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण तसा तो मुकाच होता. पण मनात त्याने काहीतरी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर एक पोस्टर दिसलं. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना काळपट लाकडी घरं, बारीक गजांच्या खिडक्या. खाली गावाचं नाव होतं, ताकेहारा. नीळकंठ पोस्टरसमोर उभा राहिला आणि हलेना.

"छान आहे ना? जाऊ या परवा तिघं," प्रमोदिनी म्हणाली.

त्याने मान हलवली. नाही. छातीवर बोट ठेवलं. "मी."

"हो, तू, मी आणि..."

"मी." कपाळावरची शीर फुगली. "मी… ए… एकटा."

प्रमोदिनीला आधी हसू आलं, मग ती घाबरली. "वेडा आहेस का? हरवलास तर? कुणाला विचारणार? इथे लोकांना इंग्रजी येत नाही आणि तुला..." ती मध्येच थांबली.

शिवांगीला मराठी सगळं कळायचं, पण बोलताना ती डचमध्येच बोलायची. "जाऊ दे ना त्याला, मम्मा," ती म्हणाली. "इथे मलाही सगळे मुकीच समजतात. दोन महिने मी बोटं दाखवूनच जगतेय."

शिवांगीच्या खोलीवर पोचेपर्यंत वाद चालला. शेवटी ठरलं असं की नीळकंठने फोनवर आपलं ठिकाण प्रमोदिनीला दिसत राहील असं करून ठेवायचं आणि संध्याकाळी सहापर्यंत परत यायचं. प्रमोदिनीने त्याच्या खिशात एक कार्ड घातलं. 'मला बोलता येत नाही, कृपया या नंबरवर फोन करा,' असं त्यावर जपानीत लिहिलं होतं. तिची पाठ वळल्यावर नीळकंठने ते काढून टेबलावर ठेवलं.

सकाळी तो निघाला. मध्ये हिरो नावाच्या स्टेशनवर गाडी बदलायची होती. असल्या नावाच्या स्टेशनवर आपण काठी टेकत उतरतोय, याचं त्याला हसू आलं. पुढची गाडी दोन डब्यांची होती आणि समुद्राला अगदी चिकटून चालली होती. ताकेहारा आलं तर दार उघडेना. नीळकंठ दारासमोर उभा आणि गाडीही उभी. मागच्या म्हाताऱ्याने पुढे हात करून दाराशेजारचं बटण दाबलं आणि काही न बोलता मान लववली. नीळकंठनेही लववली. झालं. एवढंच होतं.

गाव लहान होतं. स्टेशनसमोरच्या बाजारपेठेत अर्ध्या दुकानांची शटरं खाली होती. ती संपल्यावर जुन्या वस्तीचा रस्ता लागला आणि नीळकंठची पावलं आपोआप मंद झाली. पोस्टरमधली गल्ली खरोखरच तशी होती, फक्त तिथे आता एक पोस्टमनची स्कूटर उभी होती. कधीकाळी मिठागरांवर गबर झालेल्या व्यापाऱ्यांची ती घरं. एका घरासमोर भल्यामोठ्या दारूच्या भट्टीचं धुराडं उभं होतं आणि हवेत आंबलेल्या तांदळाचा वास होता. तो मनाला येईल तिथे वळला. कुठे जायचं हे दीड वर्षात पहिल्यांदा त्याचे पाय ठरवत होते.

डोंगराच्या उतारावर एक देऊळ दिसत होतं. उंच खांबांवर पुढे आलेला त्याचा लाकडी सज्जा गावावर ओणवा झाल्यासारखा वाटत होता. तिथे जायला दगडी पायऱ्या होत्या, आणि त्या जड पायाच्या माणसाचा विचार करून बांधलेल्या नव्हत्या. प्रमोदिनी असती तर खालीच म्हणाली असती, राहू दे, इथूनच छान दिसतंय. नीळकंठने काठी पक्की धरली. डावा पाय वर, मग उजवा त्याच्याजवळ. अर्ध्यावर त्याला घाम फुटला आणि मांडी थरथरायला लागली. तो पायरीवर बसला, स्वेटर काढून कमरेला बांधला, आणि परत उठला. वर पोचला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. खाली सगळ्या गावाची काळीभोर कौलं उन्हात चमकत होती. कठड्याला धरून तो बराच वेळ उभा राहिला. पायाची थरथर थांबल्याशिवाय उतरायचंच नव्हतं.

खाली उतरल्यावर एका लहानशा हॉटेलात तो जेवायला शिरला. तापलेल्या तव्यामागे एक गृहस्थ उलथनं घेऊन उभे होते. मेनू जपानीत, चित्र एकही नाही. नीळकंठने मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं. गृहस्थांनी कोबी, शेवया, अंडं असं काय काय थापून एक जाडजूड धिरडं घातलं. आत काहीतरी रबरासारखं होतं. ते त्याने चावून चावून खाल्लं आणि शेवटचा तुकडासुद्धा सोडला नाही. त्याने स्वतः मागवलेलं होतं ते.

परतीच्या गाडीला अवकाश होता. तो एका बारक्या बोळात शिरला. तिथल्या एका घराच्या ओसरीवर एक म्हातारी नारिंगी फळं सोलत बसली होती. सोललेली फळं दोरीला ओळीने बांधून तिने वळचणीला टांगली होती, कुणी तोरणं लावावीत तशी. नीळकंठ बघत थांबला. म्हातारीने वर पाहिलं आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. तिला काय वाटलं कोण जाणे, पण समोरच्याला आपली भाषा येते की नाही याची तिने अजिबात पर्वा केली नाही. बोलता बोलता तिने शेजारची जागा थोपटली. तो बसला. तिने दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

मग फळ उचलून ती म्हणाली, "काकी."

नीळकंठ चमकला. हेच फळ हार्लेमच्या बाजारातही काकी म्हणूनच मिळायचं, पण तिथे ते कधी असं डोळ्यांत डोळे घालून कुणी सांगितलं नव्हतं. त्याने म्हातारीकडे बोट केलं. "काकी?"

तिने जोरात मान हलवली. फळ त्याच्या नाकासमोर धरलं. "काकी!"

"नाही, नाही." त्याला हसू आवरेना. "काकी… म्हणजे… काका. काकाची…" शब्द अडला. नेहमीच्या जागी अडला. त्याने सवयीने बाजूला पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. म्हातारी मात्र सुरी थांबवून त्याच्याकडे बघत होती. तिला काही कळत नव्हतं, त्यामुळे काय सुचवायचं हेही माहीत नव्हतं. ती नुसती थांबली होती. "काकाची… बायको," नीळकंठ म्हणाला. "काकाची बायको. तुम्ही. काकी."

म्हातारीने मान डोलावली, जणू हे तिला पूर्ण पटलं, आणि पुन्हा स्वतःचं काहीतरी सांगायला लागली. तिचं झालं की ती थांबायची आणि त्याच्याकडे बघायची. आता तुमची पाळी. नीळकंठ बोलत राहिला. मीटिंगमध्ये काय झालं ते त्याने सांगितलं. साताऱ्याच्या घरी गच्चीवर वाळवण घालायची आई, राखणीला बसवलेला तो, आणि त्यानेच खाल्लेल्या ओल्या कुरडया, तेही सांगितलं. मध्ये मोठमोठी खिंडारं पडत होती. 'कुरडया' म्हणताना आधी 'खुर्च्या' आलं, मग 'कुर्ते', मग कुठे ते बरोबर आलं. म्हाताऱ्या बाईला ही भाषा मुळातच माहीत नव्हती. त्यामुळे ती कुठे मोडतेय हेही तिला कळायचं कारण नव्हतं. तिच्या लेखी हा एक परदेशी गृहस्थ होता आणि आपल्या भाषेत बोलत होता.

बोलण्याच्या भरात त्याने एक फळ उचलून चावलं. म्हातारी किंचाळली. ती तुरट जातीची फळं वाळवल्याशिवाय खायची नव्हती. जिभेला अशी मिठी बसली की नीळकंठचं तोंड वाकडं झालं आणि म्हातारी मांडीवर थाप मारून हसत सुटली. तोही हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत दोघं हसली.

स्टेशनवर पोचला तेव्हा फलाटावर गर्दी होती, आणि ती नुसती उभी होती. लाऊडस्पीकर काहीतरी सांगत होता. स्टेशनमास्तरने त्याच्यासमोर दोन्ही हातांची फुली केली. मग बोटांची शिंगं करून डोक्याला लावली आणि एका हाताने आडवी धडक दाखवली. पुढे रुळांवर हरीण आडवं आलं होतं. गाडी आज कधी येईल सांगता येणार नव्हतं. त्याने रस्त्यापलीकडच्या बसथांब्याकडे बोट दाखवलं आणि तो म्हणाला, "हिरोशिमा."

नीळकंठने फोन काढला. प्रमोदिनीला नकाशावरचा ठिपका दिसत असणार, आणि तो स्टेशनवरच थांबलाय हेही. थोड्याच वेळात तिचा फोन येईल, आणि आला की ती विचारेल, सांगेल, शिवांगीला टॅक्सीने पाठवेल. आजारपणानंतर त्याने स्वतःहून एकही फोन केला नव्हता. फोनवर हातवारे दिसत नाहीत, चेहरा दिसत नाही. मारैकेने अनेकदा सुचवलं होतं आणि तो दर वेळी टाळत आला होता. तिचा फोन यायच्या आत त्याने तिचा नंबर दाबला.

"नीळू? कुठे आहेस तू? ठिपका केव्हाचा तिथेच आहे! बरा आहेस ना? पडलास का? थांब, शिवांगी..."

"प्रमो."

"तू हलू नकोस, आम्ही येतो, तिथे जवळ कुणी असेल तर त्याला दे फोन..."

"प्रमो, थांब." आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. फलाटावरच्या दोघातिघांनी मान वळवली. "मी… बोलतो. तू… ऐक."

पलीकडे शांतता झाली. नीळकंठने डोळे मिटले. गाडी. गाडी म्हणायचंय. 'गादी' आलं. पुन्हा. "गा… गाडी. गाडी बंद." आता पुढचं. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. शब्द तिच्या ओठांवर आले असणार, त्याला खात्री होती. पण ती काही बोलली नाही. "हरीण. रु… रुळावर. मी बस… बसने येतो." आता वेळ सांगायची होती. बस पोचण्याची वेळ स्टेशनमास्तरने कागदावर लिहून दिली होती. तो एकपासून चढायला लागला. "एक, दोन, तीन, चार…" शेजारची शाळकरी मुलगी डोळे विस्फारून बघत होती. "…सहा, सात, आठ. आठ. आठ वाजता."



"बरं," प्रमोदिनी म्हणाली.  "आठ वाजता. मी बसथांब्यावर येते." मग जरा थांबून तिने विचारलं, "येऊ ना?"

"ये," नीळकंठ म्हणाला.

बसमध्ये त्याला गाढ झोप लागली. हिरोशिमाला उतरला तेव्हा प्रमोदिनी एकटीच उभी होती. तिने काही विचारलं नाही. टॅक्सीकडे न जाता दोघं रमतगमत चालत निघाली आणि अर्ध्या वाटेवर त्याने आपणहून सांगायला सुरुवात केली. काकीचा किस्सा पुरा व्हायला शिवांगीची खोली आली. मध्ये दोनदा प्रमोदिनीचं तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिने ओठ दाताखाली धरले.

हार्लेमला परत आल्यावर सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. बँकेतली प्रकल्पांची नोकरी नीळकंठला परत मिळाली नाही. दिवसभर बोलण्याचं काम आता जमणार नाही, हे आजारानंतर कुणाला कोणतं काम झेपेल ते ठरवणाऱ्या कंपनीच्या डॉक्टरने सांगायच्या आधीच त्याने ओळखलं होतं. पण त्या डॉक्टरकडे तो प्रमोदिनीला बाहेर बसवून आत गेला. मोडक्या डचमध्ये, पुष्कळ थांबत, त्याने सांगितलं की त्याला सॉफ्टवेअर तपासण्याचं काम द्यावं. त्यात डोकं लागतं, तोंड कमी. डॉक्टरने वाक्य पुरं करायला घेतलं तेव्हा नीळकंठने हात वर करून त्याला थांबवलं. आता तो आठवड्यातले तीन दिवस ते काम करतो. चूक हुडकण्यात त्याचा हात धरणारं तिथे कुणी नाही, असं कुणाल म्हणतो. जुन्या पगारापेक्षा पगार कमी आहे, आणि कधीकधी संध्याकाळी तो खिडकीशी गप्प बसून राहतो, तेव्हा त्याला काय वाटत असतं हे प्रमोदिनी विचारत नाही.

महिन्यातला एक शनिवार त्याचा असतो. सकाळी तो स्टेशनवर जातो आणि आधी कधी न पाहिलेल्या गावी एकटा फिरून येतो. झ्युटफेन झालं, डेव्हेंटर झालं. डेव्हेंटरला चुकीच्या गाडीत बसून तो जर्मनीच्या हद्दीपर्यंत गेला होता आणि फोन करून तसं सांगितलंही. प्रमोदिनीने त्या शनिवारी पोहायला जायला सुरुवात केली आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं ती सांगते.

परवाच्या शुक्रवारी जेवताना तिने विचारलं, "उद्या कुठे?"

नीळकंठने तोंड उघडलं. "आइंडहोव्हन."

"आइंडहोव्हन? ते तर आपण पाहिलंय की."

त्याने मान हलवली. ते नव्हे. पाण्याकाठचं, जुन्या बंदराचं, बोटींचं गाव. ते सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं, फक्त नाव नव्हतं. प्रमोदिनीने ते बहुधा ओळखलं होतं. तिने आमटीची वाटी उचलून तोंडाला लावली आणि शांतपणे आमटी प्यायला लागली. जेवण झालं. नीळकंठने टेबल पुसलं, तिने भांडी मशीनमध्ये लावली. ती हात पुसत असताना बाहेरच्या खोलीतून त्याचा मोठ्याने आवाज आला.

"एंकहाउझन!"

"जाऊन ये," स्वयंपाकघरातून ती म्हणाली. "येताना मासे आण."